31 ऑगस्ट सगळ्या सोलापूरचा व्हावा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार. भटके-विमुक्तांच्या 31 ऑगस्टच्या विमुक्त दिनाबद्दल थोडं सांगायचंय, पण सुरुवात अमेरिकेपासून.

अमेरिकेत 19 जूनला ‘जूनटीन्थ’ साजरा करतात. लिंकननं गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला 1 जानेवारी 1863 ला पण टेक्सासमधल्या सुमारे अडीच लाख गुलामांपर्यंत ती मुक्ती पोचायला 19 जून 1865 उजाडला, त्या दिवशी गॅल्व्हेस्टनमध्ये जनरल ग्रेंजरनं हुकूम जाहीर केला आणि लोकांनी कागदावरची तारीख सोडून हीच तारीख धरली. पुढच्याच वर्षापासून प्रार्थना, जेवणावळी, जाहीरनाम्याचं जाहीर वाचन सुरू. ह्यूस्टनला तर कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांनी 1872 मध्ये वर्गणी काढून 10 एकर जागा विकत घेतली, फक्त हा सण करायला! ते पार्क आजही आहे. देशाची सुट्टी मात्र थेट 2021 ला मिळाली, तोपर्यंत लोकांनीच हा दिवस जपला.

कुणी म्हणेल अमेरिकेचं आपल्याला काय. अहो महात्मा फुल्यांनी 1873 ला ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच. आणि आपल्याच शहरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, म्हणजे सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट... पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. मग रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि याच माणसांनी आपल्या गिरण्यांत राबायचं. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा देशभरातून जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला, पाच वर्षं! म्हणून भटके-विमुक्त समाज 31 ऑगस्टला विमुक्त दिन करतो.

माझं म्हणणं एवढंच की हा दिवस त्यांनी एकट्यानं का करायचा? 12 जानेवारीला, इंग्रजांनी 1931 ला फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना आपण सगळे हार घालतो, तिथं मल्लप्पा धनशेट्टी कुठले आणि कुर्बान हुसेन कुठले असं कुणी बघत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग 31 ऑगस्टलाही सगळं शहर का नको? नुसती भाषणं नकोत बरं का. त्या कायद्यातली कलमं पोरांसमोर मोठ्यानं वाचा, त्यांना कळू दे की पाळण्यातल्या बाळावरसुद्धा शिक्का बसायचा. वस्तीतल्या बायांच्या हातचं जेवण असू दे आणि सगळ्या गल्लीबोळांतल्या लोकांनी तिथं जाऊन पंगतीला बसावं. आजही कुठं चोरी झाली की आधी याच वस्त्यांकडं बोट जातं, एकत्र जेवलेली माणसं असं बोट दाखवताना जरा तरी थांबतील असं मला मनापासून वाटतं.

आणि तुमच्या पेपरला एक विनंती, हजेरी आणि कुंपण डोळ्यांनी बघितलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं गेलीत, त्यांच्याकडं बातमीदार पाठवा आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत छापा, येत्या 31 ऑगस्टच्या आत.

एक वाचक, सोलापूर