काटा मधोमध आणि बॉनेटमधून वाफ

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या हौशीवर आलेला लेख वाचला. फोटो झकास होते. पण जुन्या गाडीतले मीटर शोभेचे, ते फार मनावर घ्यायचे नाहीत, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात ओझरतं येऊन गेलं. लेखकानं ते गमतीनं लिहिलं असेल. मला मात्र त्या गमतीसाठी साडेचौदा हजार रुपये मोजावे लागले, म्हणून हे पत्र.

मी साखर कारखान्यात ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, थर्मामीटर उतरवायचे, तपासायचे, चुकत असतील तर जुळवायचे आणि परत जागेवर चढवायचे. रस आटवायच्या पॅनवरचा व्हॅक्यूम गेज चुकला की साखरेचा दाणा बिघडतो आणि पॅनमन शिव्या मात्र आम्हाला घालतो. निवृत्तीनंतर तरुणपणची इच्छा पुरी करायची म्हणून २०२४ च्या जानेवारीत १९८२ ची प्रीमियर पद्मिनी घेतली. विक्रेता जुन्या गाड्या 'तयार करून' विकणारा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हापासून या गाडीबद्दल सगळ्यांनाच उमाळा आलाय. मलाही आला होता. रंग नवा, सीट नव्या, स्टीअरिंगजवळचा हातगिअर लोण्यासारखा पडत होता. टेंपरेचरचा काटा बरोबर मधोमध. विक्रेता म्हणाला, "काका, मेच्या उन्हात न्या, काटा हलणार नाही." शब्दाला जागला. काटा खरंच हलला नाही.

हिचं माहेर गुहागरकडचं. एप्रिलच्या शेवटी आम्ही तिकडून परत येत होतो. डिकीत हापूसच्या दोन पेट्या, मागच्या सीटवर फणस आणि कोकमाची बाटली. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. दुसऱ्या गिअरवर चढत होतो, दुपारचे दोन वाजलेले. माझं काट्याकडे लक्ष होतं, उगाच नाही ३१ वर्षं काटेच पाहिले. काटा मधोमध. हीच आधी म्हणाली, "कसला वास येतोय हो? गुळाच्या काकवीसारखा." मी काट्याकडे बोट दाखवून म्हटलं, काही नाही, समोरच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. गाडी कडेला घेतली तेव्हाही काटा मधोमधच होता, बुद्धाच्या मूर्तीसारखा शांत.

चिपळूणकडून येणारा एक ट्रकवाला थांबला. माझा हात रेडिएटरच्या झाकणाकडे जाताना पाहून तो ओरडलाच. मग त्यानं गोणपाट भिजवून बॉनेटखाली टाकलं, पाऊण तास आम्हाला सावलीत बसवलं, नंतर इंजिन चालू करून बारीक धारेनं पाणी घातलं. त्या पाऊण तासात आम्ही चार आंबे संपवले. गाडी कशीबशी कराडला आली. दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी बाहेर काढली तर तिला दुधाच्या चहासारखा रंग. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पाणी आणि ऑइल अलग ठेवणारं पॅकिंग, गेलं होतं, हेडही किंचित वाकलं होतं. गॅस्केट, हेड फेसिंग, ऑइल, मजुरी मिळून साडेचौदा हजार.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. गॅरेजवाल्याला मी विचारलं, मीटर तपासला का? तो म्हणाला, "मीटर ओके आहे, काटा हलतोय की." त्यानं लांबूनच तापमान मोजणारी टेंपरेचर गनही रोखून दाखवली. थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे इंजिनमधून गरम पाणी बाहेर पडतं तिथं, ७२ अंश आले. आणि मी, ज्यानं उभी हयात मीटर तपासण्यात घालवली, त्यानं मान डोलावली आणि पैसे दिले! चकचकीत धातूवर ती गन कमी आकडा दाखवते, तिथं काळी इन्शुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजावं लागतं, हे मला माहीत होतं. पण आपल्या गाडीबाबत माणूस भाबडा होतो.

दहा दिवसांनी पाटणपर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर रेडिएटरचा वरचा होस, म्हणजे रबरी नळी, हाताला जरा जास्तच कडक आणि गरम लागला. काटा मधोमध. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी जुनी हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली.

पहिली परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि त्यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही. माझ्या गाडीतला मीटर विजेवर चालतो. इंजिनच्या हेडवर पितळी बोंडासारखा सेंडर बसवलेला असतो, गॅरेजवाले त्याला सेन्सर म्हणतात. त्याच्यावर एकच वायर, परतीचा रस्ता आट्यांमधून इंजिनच्या अंगाला. पाणी तापलं की सेंडरचा विरोध कमी होतो, मग जास्त करंट वाहतो आणि काटा चढतो. किल्ली चालू करून वायर सेंडरवरून काढली, तर काटा थंडीच्या टोकाला पडायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनच्या अंगाला टेकवली, तर गरमच्या टोकाला जायला हवा. क्षणभरच म्हणजे क्षणभर, धरून ठेवलीत तर मीटर जाईल. माझा काटा खाली व्यवस्थित पडला. वायर टेकवल्यावर मात्र तांबड्या पट्ट्यात शिरला आणि टोकाच्या अलीकडेच थांबला. म्हणजे वायरीत कुठेतरी अडथळा होता.

वायर बोटानं चाचपत मी डॅशबोर्डच्या मागे गेलो. बसायच्या जागेत पाठीवर झोपून, पाय दाराबाहेर. शेजारच्या पोराला वाटलं आजोबा पडले. मीटरपासून वीतभर अंतरावर वायरीला एक गाठ लागली, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली. टेप सोडवली तर आत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा चिमुकला भाग, नीट डाग देऊन बसवलेला. पट्टे पिवळा, जांभळा, काळा. म्हणजे ४७ ओहमचा विरोध. काम सफाईदार होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

रेझिस्टर हातात आला तरी लबाडी किती मोठी आहे हे कळायला पातेलं लागलं. सेंडर काढला, भोकात लाकडी बूच मारलं आणि सेंडर तारेनं पातेल्यातल्या पाण्यात असा लोंबकळवला की बुडाला टेकणार नाही. शेजारी कारखान्यातला जुना थर्मामीटर, सेंडरला मल्टिमीटर. ४० अंशांना ४०० ओहम, ६० ला १९७, ८० ला १०५. पुढे पाणी उकळलं ते ९८ अंशांना. कराडच्या उंचीवर ते तेवढ्यालाच उकळतं, शंभराची वाट पाहत बसू नये. तेव्हा ६३ ओहम.

आता हिशोब करा. गाडी थंड असताना, ४०० मध्ये ४७ मिळवले तर ४४७. काटा जेमतेम तीन अंश कमी दाखवेल, ते कुणाच्या बापाला कळणार नाही. पण पाणी ९८ ला पोचलं की ६३ अधिक ४७ म्हणजे ११०. मीटरच्या लेखी पाणी ऐंशीच्याही खाली! जसजशी गाडी तापते तसतसा मीटर जास्त खोटा होत जातो. गाडी घेताना तुम्ही पाच मिनिटं फेरी मारून पाहता तेव्हा तो जवळजवळ खराच असतो.

सेंडर जागेवर बसवला, रेझिस्टर काढून वायर सरळ जोडली आणि गाडी अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवली. काटा तांबड्याला जाऊन टेकला. म्हणजे मूळ दुखणं मीटरचं नव्हतंच. रेडिएटर चोंदला होता. आमच्याकडे बोअरचं पाणी घालायची सवय, नळ्यांत क्षाराचे थर बसतात. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी उघडून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ केल्या, तेव्हा भांड्याच्या तळाला साचतं तसं पांढरं पिठूळ मूठभर निघालं. झाकणाची स्प्रिंगही मेली होती. पॅनमध्ये आम्ही हवा काढून घेत होतो म्हणून रस साठ-पासष्ट अंशांना उकळायचा. रेडिएटरचं काम नेमकं उलटं, झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभरापुढे जाऊनही उकळत नाही. झाकण ढिलं असलं की घाटात सगळं बाहेर. कुणीतरी रॉडिंगचे पैसे वाचवायला दोन-चार रुपयांचा रेझिस्टर लावला होता. विक्रेत्यानंच लावला असं मी म्हणत नाही, त्याच्याही आधीच्या मालकाचं काम असेल. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, गाडी जुनी आहे." एवढंच.

रेडिएटर झाला, तरी मीटर पुरता खरा झाला नव्हता. सेंडर पुन्हा काढून नीट पाहिला तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे. गळू नये म्हणून प्लंबर नळाला लावतो तसे. पण एकवायरी सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांमधूनच होतं! टेप लावली की संपर्क कमकुवत होतो, काटा पुन्हा खाली बसतो. टेप खरवडून काढली, तांब्याचं नवं वॉशर टाकलं, गळती नाही. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी जिथं चॅसिसला लागते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासला. ही जागा सगळेच विसरतात. हेडलाइट लावल्यावर तुमचा टेंपरेचरचा काटा हलत असेल तर आधी तिथंच बघा. आणखी एक, काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत मीटरना सरासरी १० व्होल्ट देणारा छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो चिकटला की टेंपरेचर आणि पेट्रोल दोन्ही काटे एकदम जास्त दाखवतात. गाडी गरम आणि टाकीही भरलेली, असा दुहेरी आनंद दिसला तर इंजिन उघडू नका.

शेवटी शेगडी गाडीपाशीच मांडली. सेंडर पातेल्यात, एक वायर गाडीच्या मीटरला, दुसरी सेंडरच्या अंगावरून बॅटरीच्या निगेटिव्हला. बॅटरीला चार्जर लावून ठेवला, कारण इंजिन चालू असताना असतो तेवढा व्होल्टेज मिळायला हवा, नाहीतर जुळवणी उभ्या गाडीची होते, चालत्या गाडीची नाही. दर दहा अंशांना दोन मिनिटं थांबून काट्याचा फोटो काढला. मीटरवर आकडे नाहीतच, नुसते पट्टे आहेत. पाणी ८५ ला असताना काटा जिथं थांबला तिथं हिच्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका काचेवर दिला, ९८ ला तांबडा. ठिपका देताना डोळा काट्याच्या अगदी सरळ समोर हवा, बाजूनं पाहिलं तर काच आणि काटा यांच्यातल्या अंतरामुळे फसगत होते. ही गोष्ट मी कारखान्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम कुंभार्ली पुन्हा चढलो. काटा पांढऱ्या ठिपक्यावरून निघाला, वरच्या वळणांवर दोन ठिपक्यांच्या मधोमध पोचला, माथ्यावर आल्यावर हळूहळू खाली आला. हेळवाकला चहा घेतला. काटा हलताना पाहून एवढा आनंद मला कारखान्यातही कधी झाला नव्हता.

हे लिहितोय ते जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी. पाच मिनिटांची फेरी मारून भुलू नका. अर्धा तास गाडी चालू ठेवा आणि काट्यावर डोळा ठेवा. पूर्ण तापलेल्या गाडीचा काटाही आपल्या जागेवरून तसूभर हलत नसेल, तर विक्रेत्यासमोरच वायर काढून टेकवून बघा. तो आढेवेढे घेऊ लागला तर समजा. आणि गाड्या तयार करून विकणाऱ्यांना विनंती, की रंगाला हजारो रुपये लावता, तर रॉडिंग करून द्या. परवडत नसेल तर मीटर सरळ काढून टाका, घेणारा निदान विचारेल तरी. बंद मीटर दिसला असता तर मी त्या दिवशी हिच्या नाकावर विश्वास ठेवला असता.

कराडच्या आसपास कुणाला आपल्या गाडीचा सेंडर तपासून हवा असेल तर पैसे न घेता करून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. फक्त रविवारी सकाळी अकराच्या आत यावं. पातेलं स्वयंपाकघरातलंच आहे, अकरानंतर त्यात आमटी असते.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, कराड