वस्ती पायाखाली घातल्यावर

नाशिक,
१८ ऑगस्ट

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नव्या ठिकाणी रुजू होताच तुझ्याकडे सहाशे घरांची वस्ती सोपवली आणि तिच्या आरोग्याच्या गरजांचा अहवाल महिन्याभरात मागितला, हे वाचून मला माझे गेल्या वर्षीचे दिवस आठवले. प्रश्नावली कशी करावी, असे तू विचारले आहेस. ती मी पाठवीनच. पण माझे कळकळीचे सांगणे आहे, की पहिले दहा-बारा दिवस ती पिशवीतून बाहेर काढू नकोस. आधी वस्ती पायाखाली घाल, आणि तीही दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी.

माझी वस्ती नासर्डीच्या काठाला, चढावर वसलेली आहे. पहिल्या दिवशी मी सकाळी अकराला गेले, तासाभरात फिरून आले आणि वहीत लिहिले : उघडी गटारे, कचऱ्याचा ढीग, मोकाट कुत्री, नदीकडच्या बाजूला चिखल. यातले काहीही खोटे नव्हते. परंतु एवढे तर रिक्षातून जाणाऱ्या कोणालाही दिसले असते. तिथल्या माणसांना नेमके काय दुखते, कधी दुखते आणि त्यावर ती काय करतात, याचा त्या पानावर मागमूसही नव्हता. असा अहवाल लिहिणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, आणि आपल्या कामात त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

दुसऱ्या खेपेला मी त्याच कचऱ्याच्या ढिगापाशी मुद्दाम थांबले. भाजीच्या देठांमध्ये आणि दुधाच्या पिशव्यांमध्ये गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडलेल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक वेदनाशामक गोळ्यांच्या होत्या. तापाच्या किंवा जुलाबाच्या औषधांची वेष्टने मी शोधत होते, ती अगदी थोडी सापडली. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशेजारी अर्धा तास उभी राहिले. बायका येत, नाणी ठेवत आणि म्हणत, “कमरेची दोन द्या.” औषधाचे नाव कोणीच घेत नव्हते; दुखऱ्या जागेचे नाव पुरेसे होते. इतक्या बायकांची कंबर का दुखते, हे मी तिथल्या आशाताईंना विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “ताई, एकदा पहाटे पाण्याला या ना.”

मी गेले. साडेचारला चढाच्या पायथ्याशी असलेल्या नळाला पाणी आले, आणि ते एक दिवसाआड येते. अंधारात रांग लागलेली होती, आणि तिच्यात दहा-बारा वर्षांच्या मुलीही होत्या. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचे वजन सोडून पंधरा किलो भार. एका बाईने माझ्या डोळ्यांदेखत अकरा खेपा केल्या, त्यातल्या शेवटच्या चार गुडघ्यावर हात ठेवत. साडेसहाला तिने पाणी भरण्याचे काम संपवले आणि सातला ती धुणीभांड्याच्या कामाला बाहेर पडली. तिची कंबर, तिची अपुरी झोप, सकाळी शाळा बुडवून धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात बसलेली तिची मुलगी, हे सगळे एका नळाच्या वेळेला बांधलेले होते. अकरा वाजता मला यातले काय दिसणार होते?

दोन दिवसांचे पाणी साठवायचे म्हणजे घरोघरी दोनशे लिटरचे निळे पिंप आलेच. एका घरी आजींच्या परवानगीने मी झाकण उचलून विजेरीचा उजेड पाडला. पाणी स्वच्छ होते, तळ दिसत होता, आणि पृष्ठभागाला उलटी लोंबकळणारी बारीक बारीक वळवळ होती. माझ्या हाताची सावली पडताच ती सगळी झरझर तळाकडे गेली. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्या घरात पिंप कधीच पूर्ण रिकामे होत नव्हते, कारण उद्या पाणी येईलच याची खात्री नव्हती. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आपण सांगत फिरतो. पण तळाचे चार हंडे पाणी ओतून द्यायला त्या आजींचा हात कसा धजावेल? म्हणून आम्ही सल्ला बदलला. उरलेले पाणी फडक्यातून गाळून हंड्यात काढायचे आणि पिंपाची आतली भिंत काथ्याने घासायची, कारण ही अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत असतात. शिवाय पिंपाला जुन्या सुती साडीचा घट्ट बांधलेला दादरा हवा. पत्र्याच्या झाकणाला फट राहते.

रोग जिथे आहे तिथे सगळेच बघतात; तो जिथे नाही तिथेही जाऊन बघ. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो घरोघर हिंडले. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले होते; पण मला त्यांची खरी नजर दिसते ती जवळच्याच अनाथालयासारख्या श्रमगृहात. तिथे पाचशेहून अधिक माणसे राहत होती आणि फक्त पाच दगावली, कारण त्यांच्याकडे स्वतःची विहीर होती. आणि त्या भागातले धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड, ज्यांना पटकी पाण्यातून पसरते हे स्नोंचे म्हणणे आरंभी मुळीच पटले नव्हते, त्यांनीच ओळखीच्या घरांत विचारपूस करून पंपाशेजारच्या घरातल्या आजारी बाळापर्यंत माग काढला. बाळाचे लंगोट धुतलेले पाणी त्या पंपाच्या विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात जात होते. बाहेरच्याची नजर आणि आतल्याची ओळख, दोन्ही लागल्या. आपल्याकडे ती ओळख आशाताईंची आणि अंगणवाडीताईंची असते. त्यांना केवळ वाट दाखवायला घेऊ नकोस, त्यांच्याशी बसून बोल. माझ्या वस्तीतही एका गल्लीत घरात नळ होते, तिथे पिंपे जवळजवळ नव्हती, आणि कमरेच्या गोळ्यांची विचारणाही क्वचितच होती.

वरिष्ठ तुला म्हणतील, की आकडे तर आरोग्य केंद्रात आहेतच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र धरले आहे. त्या ५० हजारांच्या सरासरीत सहाशे घरे कुठल्या कुठे बुडून जातात. दवाखान्याच्या नोंदवहीत तर जे येतात तेच दिसतात. आमच्या दवाखान्याची वेळ सकाळची, आणि त्या वेळी माझ्या बायका दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात असतात. नोंदवहीनुसार वस्ती निरोगीच होती!

वागण्याविषयी थोडे. वही हातात घेऊन दारासमोर उभी राहू नकोस, घरी येऊन लिही. फोटो काढू नकोस. कोणाच्या मोरीचा फोटो काढायला आपल्याला काय अधिकार? कोणी चहा दिला तर नाही म्हणू नकोस. पावसानंतर एकदा जा, सणाच्या आदल्या दिवशी जा, आणि दिवेलागणीला जा : चुलीचा धूर, मिसरीचा वास, दुसऱ्या पाळीला निघालेले पुरुष हे तेव्हाच भेटतात.

माझ्या अहवालात मी दोनच मागण्या पुढे ठेवल्या : चढावर नळाचा एक फाटा, आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळचा दवाखाना. फाट्याचा कागद अजून फिरतोच आहे, आणि त्याचा मला रोज त्रास होतो. संध्याकाळचा दवाखाना मात्र गुरुवारी सुरू झाला. परवा ती अकरा खेपांची बाई आली होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन फार कमी निघाले. तिला हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

प्रश्नावली पुढच्या पत्रासोबत पाठवते. तोवर तुझ्या वस्तीत पाणी किती वाजता येते, ते स्वतः जाऊन बघ आणि मला कळव.

तुझी,
शालिनी