लातूरला शिकणाऱ्या लेकीस: यादीतली सगळी पुस्तकं का पाठवली नाहीत

अंबाजोगाई,
कोजागरी पौर्णिमा

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बालूमामा उद्या पहाटे सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात येणार आहे. त्याच्या गाडीत तुझा पुडा ठेवलाय. आडतीवरचं काम उरकलं की तो होस्टेलवर आणून देईल. तू फोनवर सांगितलेली यादी मी लिहून घेतली होती, पण त्यातली सगळी पुस्तकं पुड्यात नाहीत. आपल्या पुस्तकांच्या दुकानात ती आहेत आणि पैशाचीही अडचण नाही. तरी मी मुद्दाम पाठवली नाहीत. होस्टेलच्या फोनवर मिळतात तेवढ्या मिनिटांत हे सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणालीस, "अण्णा, रूमवरच्या सगळ्याजणी घ्यायल्यात, मी एकटीच मागं राहीन." बाळा, हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकतो, फक्त आईबापांच्या तोंडून. केजकडचा, धारूरकडचा माणूस येतो, खिशातून चिठ्ठी काढतो. चिठ्ठी शेजारच्या पोराची असते. मी विचारतो, लेकरू कोणती परीक्षा द्यायलंय? ते त्याला धड सांगता येत नाही. ग्रुप विचारला तर बायोलॉजी, आणि चिठ्ठीत जेईईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या, गणिताचे ठोकळे. अशा वेळी मी पुस्तकं बाजूला ठेवतो आणि आधी पोराला फोन लावायला सांगतो. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, लेकरासाठी काहीतरी करायचं असतं, आणि पुस्तक विकत घेणं हे बापाला जमण्यासारखं असतं. त्याची ती धडपड मला कळते. तुझी भीतीही कळते.

पण निकाल लागला की हीच पुस्तकं अर्ध्या किमतीला परत येतात, आणि मी ती हातात घेऊन बघतो. पहिल्या दोन-तीन धड्यांत पेन्सिलच्या खुणा, पिवळ्या रेघा, समासात सूत्रं. मग खुणा विरळ होत जातात. पुढची पानं इतकी कोरी की कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या, जशी प्रेसमधून कापून आली तशी. एका पोराच्या पिशवीतून फिजिक्सची तीन पुस्तकं निघतात आणि तिन्हींत खुणा त्याच पहिल्या धड्यांत. म्हणजे त्या लेकरानं युनिट्स आणि कायनेमॅटिक्स तीन वेळा केलं आणि थर्मोडायनॅमिक्सपर्यंत ते कधी पोचलंच नाही. नवं पुस्तक घेतलं की माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो. मे महिन्यातल्या नीटला, तुझ्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, सात महिने उरलेत. आता पुन्हा पहिलं पान उघडायला वेळ नाही.

पुड्यात सगळ्यात वर एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाची, बायोलॉजीची दोन्ही पुस्तकं आहेत, अकरावी आणि बारावी, नव्या आवृत्तीची. तुझ्याकडची ताईची प्रत आता बंद कर. अभ्यासक्रम कमी झाला तेव्हा अकरावीतून वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण, पचन आणि अवशोषण हे धडे गेले. बारावीतून सजीवांमधलं प्रजनन हा पहिला धडा, अन्न उत्पादन वाढवण्याचा धडा आणि पर्यावरणाचे प्रश्न हे गेले. नीटचा अभ्यासक्रमही २०२४ च्या परीक्षेपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नव्यानं लावून दिलाय. बाजारातल्या जुन्या प्रश्नसंचांत हे धडे अजून आहेत, आणि पोरं रात्र रात्र जागून ते करतात. तो अभ्यासक्रम प्रिंट काढून पुस्तकातच घडी करून ठेवलाय. तुझ्या भिंतीवर चिकटव आणि कोणतंही साहित्य हातात आलं की त्याची अनुक्रमणिका आधी त्याच्याशी ताडून बघ.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले ९० प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे निम्मे ३६० गुण, आणि ते बहुतेक एनसीईआरटीच्या ओळींतूनच येतात. तुझ्या यादीत बायोलॉजीच्या 'झटपट नोट्स' होत्या. त्या मी उघडून बघितल्या. पेशीपटलाचा भाग काढला. नोट्समध्ये लिहिलंय, पटल मेद आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. बरोबर आहे. पण एनसीईआरटीत त्याच जागी लिहिलंय की माणसाच्या तांबड्या पेशीच्या पटलात सुमारे ५२ टक्के प्रथिनं आणि ४० टक्के मेद असतात. विधान बरोबर की चूक, असा प्रश्न काढणारा माणूस नेमकी अशीच ओळ उचलतो आणि दोन आकड्यांची अदलाबदल करतो. नोट्स वाचलेली पोरगी तिथं थबकते. आकृतीखालचा मजकूर, तक्ते, धड्याच्या शेवटचा सारांश, हे सगळं नोट्सवाले गाळतात आणि पेपर काढणारे तिथूनच घेतात. म्हणून नोट्स पाठवल्या नाहीत. तुला नोट्स हव्यात तर त्या तूच काढ, पुस्तक मिटून, आठवेल तेवढं लिहून. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं लाल पेननं भर.

आता फिजिक्स. २०२५ च्या नीटचा फिजिक्सचा भाग भल्याभल्यांना जड गेला, आणि तेव्हापासून आमच्याकडं आयआयटीच्या तयारीची जाड पुस्तकं नीटची पोरं न्यायला लागली. तुझ्या यादीत तसली दोन होती. ती पुस्तकं वाईट नाहीत, चांगली आहेत, पण ती वेगळ्या परीक्षेसाठी घडवलेली आहेत. तुला १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचेत. बायोलॉजी पाठ असलं तर ते पाऊण तासात उरकून फिजिक्सला जास्त वेळ काढता येतो, तरी एका गणितावर दहा मिनिटं घालवायची चैन तिथं नाही. तुझ्या क्लासच्या मॉड्यूलमधली फिजिक्सची गणितं पूर्ण झालीत का? मागच्या वेळी तू म्हणाली होतीस की करंट इलेक्ट्रिसिटी अर्धी राहिलीय. ती पूर्ण कर. त्यानंतर एनसीईआरटीच्या धड्यामागची गणितं, आणि मग एनसीईआरटीचंच सरावाच्या प्रश्नांचं पुस्तक, एक्झेम्प्लार. एक्झेम्प्लार मी पाठवलंय, तसं ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकटही मिळतं. एवढं झाल्यावर हात शिवशिवले तर मला सांग, मी ते जाड पुस्तक स्वतः घेऊन येईन.

राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, सीईटीचं, मात्र वेगळं गणित आहे, आणि इथं लातुरातली हुशार पोरंसुद्धा गफलत करतात. नीटमध्ये झालं तर उत्तमच, पण परभणीच्या कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. ॲग्री किंवा बी.फार्म यांची वाट सीईटीतून जाते, आणि ती वाट तुला मोकळी राहायला हवी. सीईटीला राज्य मंडळाचंच पुस्तक लागतं. बालभारतीचं बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक उघड, पहिलाच धडा सॉलिड स्टेट. नीटच्या अभ्यासक्रमातून तो गेलाय, म्हणून क्लासमध्ये तो शिकवत नसतील. सीईटीला आहे, बोर्डालाही आहे. बायोलॉजीतही तसंच, वनस्पती आणि पाण्याचा संबंध, खनिज पोषण हे राज्य मंडळाच्या बारावीत अजून आहे. पीसीबी ग्रुपला फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि बायोलॉजी १०० असे २०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. साधारण ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर. म्हणून सीईटीसाठी वेगळा प्रश्नसंच एकच पाठवलाय, धडावार, बारावीचा. बोर्डाचा पेपर संपला की तोच घेऊन बस. बालभारतीची पुस्तकं तुझ्याकडं आहेतच. मैत्रिणींपैकी कुणाकडं नसतील तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे, विकत घ्यायची गरज नाही. हे मी पुस्तकविक्या असून सांगतोय, कारण त्या लेकरांच्या घरचंही मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षांच्या पेपरांचं पुस्तक दोन प्रकारचं येतं, धडावार आणि वर्षावार. मी धडावार पाठवलंय. धडा झाला की त्याच दिवशी त्या धड्यावर आजवर आलेले प्रश्न सोडव, म्हणजे कुठल्या ओळीला वजन आहे ते कळतं. पण २०२४ आणि २०२५ चे प्रश्न त्यात मी पेन्सिलनं फुल्या मारून ठेवलेत, त्यांना आत्ता हात लावू नकोस. ते दोन पेपर आख्खे, कोरे, नीट घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरून काढून वेगळ्या पाकिटात बंद केलेत. ते मार्च-एप्रिलमध्ये वेळ लावून सोडव. त्यातला २०२४ चा पेपर जुन्या पद्धतीचा आहे. तेव्हा २०० प्रश्न असायचे, त्यातले १८० सोडवायचे आणि वेळ ३ तास २० मिनिटं होती. २०२५ पासून १८० च प्रश्न, सगळे सक्तीचे आणि ३ तास. पाकिटावर मी तसं लिहिलंय. सोबत ओएमआरच्या शीटही छापून दिल्यात. काळ्या बॉलपेननं गोल भरायचा सराव हातालाच हवा. आणि सराव दुपारी २ ते ५ याच वेळेला कर, परीक्षा त्याच वेळेला असते आणि मे महिन्यात आपल्याकडं त्या वेळी डोकं जड होतं.

प्रश्नसंच कसा पारखायचा ते तुला एकदा दाखवतो म्हटलं होतं, इथंच लिहितो. तुला पक्का येणारा एक धडा निवड. त्यातले वीस प्रश्न दुकानातच, उभ्यानं सोडव. मग मागची उत्तरं बघ. दोन-तीन उत्तरं चुकीची निघाली तर पुस्तक खाली ठेव, मग त्यावर कुणाचाही फोटो असो. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. चुकीची उत्तरसूची डोक्यात बसली तर तिथं दोन्हीकडून मार बसतो. मागच्या पेपरांच्या बाबतीत तर एनटीएची अंतिम उत्तरसूची उपलब्ध असते, तिच्याशी पडताळून बघ. तुझ्या यादीतल्या एका केमिस्ट्रीच्या संचाचा मोल संकल्पनेचा धडा मी तुझ्या शाळेतल्या सरांना दाखवला. त्यांनी बसल्या बसल्या चार उत्तरांवर खूण केली. तो संच मी विक्रेत्याला परत पाठवतोय.

झेरॉक्स मारून बांधलेली दुसऱ्या क्लासची मॉड्यूल होस्टेलवर फिरतात, तीही घेऊ नकोस. आकृत्या काळ्या पडलेल्या असतात, बायोलॉजीला तर त्या कामाच्याच नाहीत. टेलिग्रामवरच्या पीडीएफचंही तेच. व्हिडिओ बघून समजून घ्यायचं असेल तर आयआयटी कानपूरचं 'साथी' हे सरकारी व्यासपीठ फुकट आहे, रविवारी मोबाइल मिळतो तेव्हा अडलेला तेवढाच भाग बघ.

पुड्यात तळाशी एक जाड, रेघांची वही आहे. ती पुस्तकांपेक्षा महत्त्वाची समज. प्रत्येक टेस्टनंतर जो प्रश्न चुकला तो त्यात उतरवायचा. नुसतं बरोबर उत्तर लिहून भागायचं नाही, का चुकला ते एका ओळीत लिहायचं: ओळ वाचलीच नव्हती, सूत्र विसरले, एकक बदललं नाही, 'अयोग्य विधान ओळखा' मधला 'अयोग्य' दिसलाच नाही. पान उभं दुमडून उजवीकडं धडा आणि पान क्रमांक. महिन्याभरात तुला तुझ्याच चुकांची जातकुळी दिसेल. तुझी बरीचशी गळती केमिस्ट्रीत एककांमुळं होते असा माझा अंदाज आहे, मागच्या दोन टेस्टचे पेपर बघून सांगतोय. खरं काय ते वही सांगेल. कुठलं नवं पुस्तक लागणार आणि लागणार का, हेही आपण त्या वहीवरूनच ठरवू.

ऋतू, तू मागं पडशील या भीतीनं काही मागितलंस तर मी ते देईनच असं नाही. पण तू एखादं पुस्तक संपवून मागितलंस तर कर्ज काढूनही आणीन. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या गेटवरून रोज दुकानात येताना मला तू आठवतेस, हे लपवून काय करू. तरीही तिथं जागा मिळो न मिळो, तुझ्यावरचा माझा भरवसा त्यावर अवलंबून नाही.

आईनं सांगितलंय, रात्री बारानंतर जागू नकोस आणि मेसचं जेवण आवडलं नाही तरी उपाशी झोपू नकोस.

दिवाळीला येताना ती वही, फिजिक्सचं मॉड्यूल आणि झालेल्या सगळ्या टेस्टचे पेपर घेऊन ये. बाकी ओझं तिथंच राहू दे. दुकान पाडव्याला बंद असतं, त्या दिवशी आपण दोघं बसून मार्चपर्यंतचं वेळापत्रक आखू. यादीतलं राहिलेलं एखादं पुस्तक तरीही हवंच वाटलं तर मामाजवळ चिठ्ठी दे, आणि चिठ्ठीत त्यातला कोणता धडा आणि कशासाठी हवाय तेवढं लिही.

तुझा,
अण्णा