प्रश्नाला टॅग लावायचं पण पोरांना शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यात आता शाळेतल्या पोरांना पण कोडिंग शिकवतात, सरकारची कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना चालू आहे, पुढे फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगला किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात गेलं की पायथन, जावा ह्या कोडिंगच्या भाषा येतातच. ही पोरं अडली की स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या साइटवर प्रश्न टाकतात, ते चांगलंच आहे, पण त्या प्रश्नाला टॅग, म्हणजे प्रश्न कुठल्या विषयाचा ते सांगणारी चिठ्ठी, कुठला लावायचा हे त्यांना कोणी सांगतच नाही. मी फोंड्यात कॉम्प्युटरच्या ट्यूशन घेते, हे कायम बघते म्हणून लिहितेय.

होतं काय, तर पोरगा प्रश्नाला फक्त 'पायथन ३.८' एवढाच टॅग लावतो, का तर त्याच्या लॅपटॉपवर तेच व्हर्जन आहे. आणि प्रश्न काय, तर लिस्ट उलटी कशी करायची! आता ह्याचा ३.८ शी काय संबंध, ३.६ वर पण तेच उत्तर आणि ३.१२ वर पण तेच. उत्तरं देणारी जाणकार मंडळी 'पायथन' ह्या मोठ्या टॅगवर लक्ष ठेवून असतात, त्यात २० लाखांहून जास्त प्रश्न आहेत, एकेका व्हर्जनच्या टॅगकडे बघणारे अगदी थोडे. पत्त्यावर नुसतं 'देऊळवाडा' लिहून गावाचं नावच गाळलं तर पोस्टमन पत्र कुठे नेणार, तसंच हे. चांगला प्रश्न तिथेच पडून राहतो आणि पोरगं म्हणतं की मला येत नाही म्हणून कोणी उत्तर देत नाही. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्टॅक ओव्हरफ्लोवर एका प्रश्नाला पाच टॅग लावता येतात, मग मोठा टॅग गाळायचं कारणच काय? आधी 'पायथन' लावा, व्हर्जनचा टॅग लागलाच तर त्याच्या जोडीला. आणि उगाच लावला तर पुढे शोधत येणाऱ्याला वाटतं हे उत्तर फक्त ३.८ चं, आपल्या कामाचं नाही, मग तो तोच प्रश्न परत विचारतो.

पण व्हर्जनचा टॅग कधीच नको असंही माझं म्हणणं नाही. काही ठिकाणी उत्तरच त्याच्यावर असतं. सात भागिले दोन केलं तर पायथन २ मध्ये ३ येतात आणि पायथन ३ मध्ये ३.५, एकच ओळ आणि उत्तर वेगळं. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला तरी जुन्या नोट्समध्ये तोच कोड फिरतोय, तो पायथन ३ वर चालवला की प्रिंटला कंस नाही म्हणून एरर येते आणि पोरं रात्रभर डोकं फोडत बसतात. 'मॅच' ही कोड लिहायची नवी रचना पायथन ३.१० मध्ये आली, ती ३.८ वर चालवलं की सिंटॅक्स एरर ठरलेली. पॅकेज इन्स्टॉल करायला लागणारं 'डिस्ट्यूटिल्स' तर ३.१२ मधून काढूनच टाकलं, त्यामुळे ३.११ वर नीट इन्स्टॉल होणारं एखादं जुनं पॅकेज ३.१२ वर अडतं. अशा वेळी व्हर्जनचा टॅग हवाच हवा. वेबसाइट बनवायच्या अँगुलरचं तर अजून वेगळं, २०१६ मध्ये अँगुलर २ आलं ते सगळं नव्याने लिहिलेलं, म्हणून जुन्या अँगुलरजेएसचा आणि नव्या अँगुलरचा टॅगच वेगळा ठेवलाय, तिथे चूक झाली तर भलतंच उत्तर मिळतं.

मी माझ्या पोरांना सांगते, दुसरं व्हर्जन असतं तर उत्तर बदललं असतं का हे आधी स्वतःला विचारा. बदलणार असेल तर दोन्ही टॅग लावा, नसेल तर फक्त मोठा. माहीत नसेल तरी मोठाच लावा आणि आपलं व्हर्जन प्रश्नात एका ओळीत लिहा, जाणकार माणूस ते बघून गरज असली तर टॅग स्वतः जोडतो. शाळा-कॉलेजच्या सर-मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे, प्रॅक्टिकलच्या एका तासात एवढं दाखवा, त्याला वेगळा सिलॅबस लागत नाही. आणि ज्यांचे प्रश्न आत्ता तसेच पडून आहेत त्यांनी ते परत टाकू नयेत, एडिटमध्ये जाऊन मोठा टॅग जोडता येतो.

आपली,
एक कॉम्प्युटर शिक्षिका, फोंडा