मैदानाशेजारचा रस्ता तेवढा राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी सात वर्षांची मुलगी लपाछपीत राज्य आलं की आकडे आमच्या भाषेत मोजतच नाही, शेजारच्या मैत्रिणीच्या भाषेत मोजते, आणि हे तिला कोणी शिकवलेलं नाहीये. आमचं उपनगर शहराच्या पार टोकाला, इथे मूळचं असं कोणीच नाही, जागा परवडली म्हणून सगळे आले आणि एका मजल्यावर चार भाषांची चार कुटुंबं झाली. पहिली दोन वर्षं आम्ही मोठी माणसं लिफ्टमध्ये नुसती मान हलवायचो. मग मुलं खाली खेळायला लागली, त्यांना बोलवायला आम्ही उतरायला लागलो, कोणाचा गुडघा फुटला, कोणाची किल्ली घरात राहिली, असं करत करत ओळखी झाल्या. दोन आज्या रोज एकाच बाकावर बसतात, एकीची भाषा दुसरीला कळत नाही तरी तासभर गप्पा चालतात, मला तर नुसतं बघूनही बरं वाटतं.

आता मैदानाला लागून असलेला आतला रस्ता रुंद करून मेन रोडला जोडायचं चाललंय. मी स्वतः रोज तीन तास प्रवास करते, त्यामुळे दहा मिनिटं वाचली तर मलाही हवीच आहेत. पण त्याची किंमत काय? डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते तपासले होते, जिथे दिवसाला साधारण २००० गाड्या जायच्या तिथे माणसाला त्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, आणि १६००० गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही. आमच्यासारख्या ठिकाणी तर हे जास्तच लागू होतं, कारण इथे नातेवाईक जवळ नाहीत, जे काय आहेत ते शेजारीच. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगळी माणसं नुसती जवळ राहिली म्हणून मनातल्या अढ्या जात नाहीत, बरोबरीच्या नात्याने एकत्र मिळून काहीतरी करावं लागतं. मुलांच्या खेळात ते रोज संध्याकाळी आपोआप होतं, आणि मुलंच खाली उतरली नाहीत तर आम्ही परत लिफ्टमध्ये मान हलवत बसणार.

रस्ता सुधारू नका असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये १९७६ पासून अशा गल्ल्यांना कायद्यातच जागा आहे, तिथे गाड्यांनी अगदी हळू जायचं आणि मुलांनी रस्त्यात खेळायचं. तसं काही इथे का करता येऊ नये?

अजून एक, या कामाची सूचना गेटवर एकाच भाषेत लावली होती आणि मीटिंग ठेवली मंगळवारी दुपारी. शेजारच्या दोन घरांना ती सूचना वाचताच आली नाही, वाचता आली ते ऑफिसला होते. पुढची मीटिंग रविवारी घ्या आणि सूचना इथल्या सगळ्यांना वाचता येईल अशी चारही भाषांत लावा, एवढी विनंती आपल्या पेपरमधून संबंधितांपर्यंत पोचावी. भाषांतर करून द्यायला आम्ही शेजारी मिळून तयार आहोत.

आपली,
एक वाचक