रात्री फोनवर सोबत थांबणाऱ्या अनोळखी दादांचे आभार

एका ग्रंथालयाचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना सगळा मराठी मजकूर अगम्य चिन्हांत बदलला, आणि मी घाबरून प्रत्येक पान पुन्हा टंकून जतन करायला निघाले होते. फेसबुकवर मदत मागताच एका अपरिचित गृहस्थांनी रात्री ११ वाजता फोन करून आधी बजावले, ‘‘ताई, काहीही जतन करू नका.’’ यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांत, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककांत, साठते. ते बाइट शाबूत असून केवळ लॅटिन-१ या रोमन अक्षरांसाठीच्या जुन्या पद्धतीतले समजून वाचले जात आहेत, हे त्यांनी शांतपणे समजावले. मजकुराची प्रत काढायला लावून त्यांनी तो कोणत्या पद्धतीने वाचायचा याची एकच नोंद दुरुस्त करवली, आणि पडद्यावर ‘बालविभाग’ उमटला तेव्हा माझे डोळे भरून आले. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट दिसेपर्यंत ते थांबले, मानधनाचा विषय त्यांनी काढूच दिला नाही. दादा, आपले मनःपूर्वक आभार.