हवेच्या कमी दाबाच्या ‘डिप्रेशन’ला चक्रीवादळ म्हणू नका : छपराच्या वॉरंटीबाबत तक्रार

मु. पो. आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी
दिनांक : 11 ऑगस्ट 2025
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

विषय : एप्रिल 2023 मध्ये आपण बसवलेले पत्र्याचे छप्पर उचकटणे, गळती व गंज, वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार.

महोदय,

आपला 4 ऑगस्टचा ईमेल मिळाला. नुकसान ‘चक्रीवादळामुळे’ झाले म्हणून वॉरंटीत बसत नाही, आणि घर समुद्रापासून 1 किलोमीटरच्या आत असल्याने गंजाची वॉरंटी मुळात लागूच नाही, असे आपण कळवले आहे. सोबत दुरुस्तीचे 1,18,000 रुपयांचे नवे कोटेशन जोडले आहे. ते मला मान्य नाही.

आधी चक्रीवादळाचे बघू. 3 जून 2020 च्या दुपारी ‘निसर्ग’ आला तेव्हा मी याच घरात, माजघराच्या दाराला पाठ लावून बसलो होतो. पश्चिमेच्या पाख्यावरची मंगलोरी कौले पत्ते पिसावेत तशी उडाली. बागेतली निम्मी पोफळ आडवी झाली, वीज महिनाभर नव्हती. नंतर कौले मिळेनात, आणि मिळाली तर नेणारे टेम्पोवाले सांगतील तो दर. पुढच्याच वर्षी, 16 मेला, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि उरलीसुरली कौले घेऊन गेले. त्यामुळे चक्रीवादळ कशाला म्हणतात हे आम्हाला पुण्याहून कळवावे लागत नाही.

24 मे 2025 रोजी जे आले ते चक्रीवादळ नव्हते. त्या दिवशी दुपारच्या सुमारास रत्नागिरीजवळ किनारा ओलांडला तो ‘डिप्रेशन’ने. हवामान खात्याच्या प्रतवारीत डिप्रेशन म्हणजे ताशी 31 ते 49 किलोमीटर वाऱ्याची प्रणाली. तिच्यावर डीप डिप्रेशन, आणि चक्रीवादळ म्हणायला वारा किमान 62 चा लागतो. आपल्या वॉरंटी कार्डाच्या अपवादांत शब्द ‘चक्रीवादळ’ असा आहे, ‘जोराचा वारा’ असा नाही. आणि पावसाळ्यातल्या जोराच्या वाऱ्याला जे टिकणार नसेल ते छप्पर कोकणात विकायचे तरी कशाला?

त्या दिवशी पश्चिमेच्या पाख्याचे तीन पत्रे वळचणीकडून उचलले गेले आणि आढ्यावरची रिज पट्टी सुटून चाळीसेक फुटांवर पोफळींत जाऊन पडली. पत्रे फाटले नाहीत, वाकलेही फारसे नाहीत. ते फक्त सुटले. पाणी थेट माळ्यावर पडले. तिथे पेरणीसाठी राखलेल्या भाताच्या दोन गोण्या होत्या. ताडपत्री बांधून चार दिवसांनी वर गेलो तर बियाण्याला गोणीतच मोड आलेले.

तक्रार त्याच दिवशी नोंदवली. आपले साइट इंजिनिअर 16 जूनला आले, म्हणजे तेविसाव्या दिवशी. पाऊस नव्हता, शिडी लावलेली होती, गावातला फॅब्रिकेटर मुद्दाम बोलावून ठेवला होता. इंजिनिअरसाहेबांनी अंगणातूनच मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला आणि “सायक्लोन डॅमेज आहे काका” म्हणून निघून गेले. ते गेल्यावर मी आणि फॅब्रिकेटर वर चढलो. वर जे दिसले ते लिहितो, कारण आपल्या अहवालात त्यातले काहीच नाही.

वारा पत्र्याला खाली दाबतो असे वाटते, पण उतरत्या छपरावरून जाताना तो पत्र्याला वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते ती वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना. हे माझे ज्ञान नाही. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस 875, भाग 3 कडा-कोपऱ्यांसाठी म्हणूनच जास्तीचा भार धरायला सांगते. या जागी पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. आमच्या वळचणीला एका पत्र्याच्या पाच उंचवट्यांत स्क्रू सापडले दोन. एका पत्र्याला तर एकच. मधल्या ओळींत, जिथे ओढ कमी, तिथे मात्र तीन-तीन. घाईत जिथे हात पोचला तिथे मशीन चालवलेले दिसते.

खाली पडलेले आणि हाताने सुटून आलेले मिळून 61 स्क्रू मी बिस्किटाच्या डब्यात जमवून ठेवले आहेत. अडीच वर्षेसुद्धा न झालेले हे स्क्रू डोक्यापासून गळ्यापर्यंत लाल झाले आहेत. कोटेशनमध्ये ‘ईपीडीएम वायसरसह’, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराच्या वायसरसह, असे स्पष्ट लिहिले होते. यातला वायसर चिमटीत धरला की काळी भुकटी होते, बोटे काजळ लागल्यासारखी होतात. कित्येक स्क्रू इतके आवळलेले की वायसर चिरून बाहेर आला होता. त्या प्रत्येक भोकातून पहिल्याच पावसाळ्यात ठिबक सुरू झाली होती. त्याची जुलै 2023 ची तक्रार आपल्याकडे आहे. तेव्हा एक मुलगा येऊन वरून सिलिकॉन फासून गेला.

आता जोड. इथला पावसाळी वारा नैऋत्येचा. म्हणून पत्रे टाकायला उत्तरेच्या टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाचे उघडे तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहते. आपल्या माणसांनी दक्षिणेकडून सुरुवात केली, कारण टेम्पो दक्षिणेच्या बेड्याशी (फाटकाशी) उभा होता. मी तेव्हाच विचारले होते. “काका, लॅपला टेप मारतोय ना,” हे उत्तर मिळाले. टेप आम्हाला एकाच जोडात सापडली.

गंजाबद्दल आपण समुद्राचे अंतर दाखवता, पण या पत्र्यावरचा गंज समुद्राकडून आलेला नाही. पत्रे छपरावरच कटर मशीनने कापले. त्याने कापलेल्या कडेवरचा जस्त-ॲल्युमिनियमचा थर जळतो, आणि उडालेल्या तापल्या ठिणग्या रंगात रुतून बसतात. जिथे कापले तिथूनच चार-पाच फुटांच्या पट्ट्यात अंगावर गोवर उठावा तसे तपकिरी ठिपके आहेत. बाकीचा पत्रा, त्याच खाऱ्या वाऱ्यातला, स्वच्छ आहे. पत्रा कात्रीने कापायचा असतो आणि संध्याकाळी छप्पर झाडून चुरा काढायचा असतो, हे मला फॅब्रिकेटरने सांगितले. आपल्या माणसांना कोणी सांगितले नसावे.

आणि ते एक किलोमीटर! आमचे घर समुद्रापासून चारशे मीटरवर आहे. आपले विक्री प्रतिनिधी फेब्रुवारी 2023 मध्ये ओटीवर बसून कोकम सरबत पीत होते तेव्हा समुद्राची गाज त्यांना ऐकू येत होती. त्यांनी हातात दिलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लाटा, नारळाचे झाड आणि लाल छप्पर आहे. ‘दहा वर्षे गंज व गळतीविरुद्ध वॉरंटी’ हे त्याच पानावर ठळक. एक किलोमीटरची अट कोटेशनमध्ये नाही, करारात नाही. ती आहे वॉरंटी कार्डाच्या मागे, नवव्या कलमात, आणि ते कार्ड मला शेवटचा हप्ता भरल्यावर जूनमध्ये पोस्टाने आले. 1,450 चौरस फुटांचे 3,40,750 रुपये घेताना जे अंतर आड आले नाही, ते आताच कसे आले?

मी कौले सोडली ती हौसेने नाही. वानरे रोज दोन-चार फोडायची, आणि दर वैशाखात कौले परतणारी माणसे आता गावात उरली नाहीत. पण एक सांगतो. कौल फुटले तर मी स्वतः चढून दहा मिनिटांत दुसरे सरकवत असे. तुमच्या छपराला तुमचीच माणसे लागतात, आणि ती तेविसाव्या दिवशी येतात.

माझ्या मागण्या अशा. 27 ऑगस्टला गणपती आहेत आणि आमचे मखर जिथे असते नेमके तिथेच ठिबकते आहे, त्यामुळे सुटलेला भाग व रिज पट्टी त्याआधी तात्पुरती पण पक्की बांधून द्यावी. पाऊस गेल्यावर, 30 नोव्हेंबरपर्यंत, पश्चिमेचे पूर्ण पाखे काढून उत्तरेकडून पुन्हा टाकावे. वळचण, आढे व कडांना प्रत्येक उंचवट्यावर ईपीडीएम वायसरचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू असावा आणि ठिपके पडलेले पत्रे बदलावेत. बियाणे, ताडपत्री व मजुरीचे 14,600 रुपये द्यावेत. उरलेल्या मुदतीची वॉरंटी नवव्या कलमाशिवाय लेखी द्यावी. काम चालू असताना आपला जबाबदार माणूस छपरावर असावा, अंगणात नको.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवली आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपले कार्यालय पुण्यात असले तरी 2019 च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही पडत नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत : कोटेशन, पावत्या व वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत, माहितीपत्रकाचे पहिले पान, 17 छायाचित्रे, आणि वेगळ्या पाकिटात चार स्क्रू. उरलेले 57 माझ्याकडे आहेत.